पायरीचे मानकरी श्री हैबतबाबा आरफळकर

श्रींच्या कृपेने व आपणा सर्वांच्या हातभाराने देवळाचा जीर्णोद्धार पार पडला. वर्गणीची वही माझ्याकडे होती. देणगीदारांच्या नावांची फरशी कोठे बसवावी, कोणाचे नाव वर घ्यावे, यावर बैठकीत पुष्कळ बोलणे झाले. त्या वेळी मला हैबतबाबांची आठवण झाली. म्हणून त्यांचे अल्पचरित्र येथे सादर करीत आहे.

हैबतराव पवार हे सातारा जिल्ह्यातील आरफळ गावचे. ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारच्या पदरी ते सरदार होते. मिळविलेले धन घेऊन गावी परतत असता सातपुड्याच्या रानात त्यांना लुटून गुहेत कोंडले, असे सांगतात. तेथे त्यांनी हरिपाठाचा घोष चालविला. सुटका झाली ती माउलींच्या कृपेने, अशी त्यांची श्रद्धा बसली आणि ते आळंदीस येऊन राहिले.

तुकाराम महाराजांचे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ साली माउली व तुकोबा या दोघांच्या पादुका एका पालखीतून पंढरीस नेण्याची प्रथा घातली होती. पुढे वंशजांत वाद उत्पन्न झाले. तेव्हा हैबतबाबांनी १८३२ च्या सुमारास माउलींची पालखी आळंदीहून स्वतंत्र काढली. अंकलीच्या शितोळे सरकारांनी घोडे, तंबू व नैवेद्याची सेवा स्वीकारली. सोहळ्याला लष्करी शिस्त आली. कर्णा वाजला की तळ हलतो, चोपदाराने दंड उंचावला की हजारोंचा समाज शांत होतो.

शितोळे सरकारांचे दोन अश्व आजही बेळगाव जिल्ह्यातील अंकलीहून मजल दरमजल करीत आळंदीस येतात. एकावर जरीपटका घेतलेला स्वार असतो. दुसऱ्यावर कोणी बसत नाही, तो माउलींचा. रिंगणात हे अश्व धावले की वारकरी त्यांच्या टापांखालची माती कपाळी लावतात. घोडा दिला सरदाराने, पण खोगीर रिकामे राहिले ते देवासाठी. दानाचे मर्म याहून वेगळे काय सांगावे?

ज्यांनी एवढा सोहळा उभा केला, त्या हैबतबाबांनी स्वतःसाठी जागा मागितली ती माउलींच्या महाद्वारातील पहिल्या पायरीची. येणाऱ्या भक्तांची पायधूळ अंगावर पडावी, एवढीच इच्छा. कार्तिकी यात्रेचा आरंभ आजही कार्तिक वद्य अष्टमीस त्या पायरीच्या पूजनाने होतो. सरदारकी काळाच्या ओघात गेली, पायरी मात्र राहिली.

असो. आपल्या फरशीवर नाव वर आले काय, खाली आले काय, श्रींच्या दारी सारखेच. ज्यांनी रोख दिली त्यांचे, ज्यांनी बैलगाडीने दगड वाहिले त्यांचे आणि ज्यांचे नाव वहीत नाही अशांचेही कल्याण होवो, हीच श्रीचरणी प्रार्थना.