स्मिथसन : वडिलांनी टाकलेले आडनाव

वॉशिंग्टनला जाऊन आलेला प्रवासी तेथील स्मिथसोनियन संग्रहालयांविषयी भरभरून बोलतो. ज्यांच्या आडनावावरून या संस्थेचे नाव पडले, ते जेम्स स्मिथसन हयातीत एकदाही अमेरिकेला गेले नव्हते आणि वयाच्या पस्तिशीपर्यंत ते स्मिथसनही नव्हते.

आडनाव मूळचे अगदी साधे. स्मिथ म्हणजे धातू घडवणारा कारागीर आणि सन म्हणजे मुलगा. थोडक्यात, लोहाराचा मुलगा. बापाच्या नावाला वा धंद्याला ‘सन’ जोडण्याची रीत उत्तर इंग्लंडमध्ये विशेष रुजली. तेथील यॉर्कशायरमधल्या स्मिथसन घराण्याला १६६० मध्ये बॅरोनेट हा किताब मिळाला. याच घराण्यातील सर ह्यू स्मिथसन यांनी १७४० मध्ये लेडी एलिझाबेथ सीमोर यांच्याशी विवाह केला. या बाईंकडे आजीकडून आलेला पर्सी घराण्याचा वारसा होता. पर्सी हे नॉर्मंडीतून आलेले जुने सरदार. त्यांच्यापुढे लोहाराचा मुलगा फिकाच. १७५० मध्ये ह्यू यांच्याकडे नॉर्थंबरलंडची अर्लपदवी आली आणि त्यांनी पार्लमेंटच्या कायद्याने आपले आडनाव पर्सी करून घेतले. सासुरवाडीचे आडनाव लावणारा जावई आपल्याकडे चेष्टेचा विषय होईल. इंग्लंडच्या उमरावांत मात्र वारशासाठी हे सर्रास चाले. १७६६ मध्ये ते ड्यूक झाले.

त्याच सुमारास, १७६५ च्या आसपास, एलिझाबेथ मेसी या विधवेला ड्यूकपासून पॅरिसमध्ये मुलगा झाला. त्याला आईच्या दिवंगत पतीचे आडनाव मिळाले. ड्यूकनी हे पितृत्व जाहीरपणे कधीच स्वीकारले नाही. पुढे मुलाला ब्रिटिश नागरिकत्व देताना, सरकारी पदे भूषवता येणार नाहीत अशी अट त्यात घालण्यात आली.

ऑक्सफर्डमध्ये शिकलेले जेम्स मेसी १७८७ मध्ये, जेमतेम बाविशीत, रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. रसायन आणि खनिजे हा त्यांचा प्रांत. कॅलमाइन या नावाखाली ओळखली जाणारी जस्ताची खनिजे प्रत्यक्षात वेगवेगळी आहेत, हे त्यांनी १८०२ मध्ये दाखवून दिले. त्यांतील एकाला, जस्ताच्या कार्बोनेटला, पुढे स्मिथसोनाइट हे नाव मिळाले. उत्तम कॉफी कशी करावी यावरही त्यांचा एक निबंध आहे!

१८०० मध्ये आई वारली. पुढच्याच वर्षी त्यांनी राजाज्ञेने स्मिथसन हे आडनाव धारण केले. पर्सी होणे शक्यच नव्हते. वडिलांनी अर्धशतकापूर्वी मागे टाकलेले नाव तेवढे मुलाच्या हाती लागले. अविवाहित स्मिथसन यांनी १८२६ मध्ये मृत्युपत्र केले. संपत्ती पुतण्याला, त्याच्यामागे त्याच्या मुलांना मिळावी, मग ती औरस असोत वा अनौरस, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. लिहिणाऱ्याची कहाणी ठाऊक असेल तर हे कलम सहज ओलांडून जाता येत नाही. पुतण्या निःसंतान वारल्यास सर्व काही अमेरिकेला द्यावे आणि वॉशिंग्टनमध्ये ज्ञानवृद्धी व ज्ञानप्रसारासाठी आपल्या नावाची संस्था उभारावी, असेही त्यांनी लिहिले. अमेरिकाच का, याचा खुलासा केला नाही.

१८२९ मध्ये स्मिथसन जिनोव्हात निवर्तले. १८३५ मध्ये पुतण्याही गेला, तो निःसंतानच. खटला जिंकून रिचर्ड रश यांनी १८३८ मध्ये एक लाखाहून अधिक सोन्याची नाणी अमेरिकेत आणली. त्यांचे पाच लाख आठ हजारांवर डॉलर झाले. परक्याचे नाव अमर करण्यासाठी देशाने देणगी घ्यावी का, असा आक्षेप दक्षिण कॅरोलायनाच्या सिनेटरांनी घेतला. माजी अध्यक्ष जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स यांनी देणगीची बाजू लावून धरली आणि १८४६ मध्ये संस्थेचा कायदा झाला.

१८६५ च्या आगीत स्मिथसन यांची बहुतेक कागदपत्रे संस्थेच्याच इमारतीत जळून गेली. पुढे खाणीच्या कामामुळे जिनोव्हातील दफनभूमी हलवण्याची वेळ आली, तेव्हा टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी १९०४ मध्ये त्यांच्या अस्थी वॉशिंग्टनला आणल्या. तेथे त्यांच्या थडग्यावर वय पंचाहत्तर कोरलेले आहे. प्रत्यक्षात ते चौसष्टच्या आसपास होते.