गोपाळ गणेश आगरकर

गोपाळ गणेश आगरकर (१४ जुलै १८५६, टेंभू, सातारा जिल्हा – १७ जून १८९५, पुणे) हे मराठी निबंधकार, पत्रकार, समाजसुधारक व शिक्षणतज्ज्ञ होते. बुद्धिप्रामाण्यवादी विचारवंत म्हणून ते प्रसिद्ध आहेत. मराठीतील वाक्यरचनेच्या पद्धतशीर अभ्यासातही त्यांचे कार्य महत्त्वाचे मानले जाते.

जीवन

आगरकरांचे बालपण अत्यंत गरिबीत गेले. कऱ्हाड, रत्नागिरी व अकोला येथे हालअपेष्टा सोसत त्यांनी शालेय शिक्षण पूर्ण केले आणि पुढील शिक्षणासाठी ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दाखल झाले. तेथे त्यांचा बाळ गंगाधर टिळकांशी स्नेह जडला. एम.ए. झाल्यावर मोठ्या पगाराच्या सरकारी नोकरीचा मोह टाळून ते न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक झाले. १८८४ साली स्थापन झालेल्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या संस्थापकांत त्यांचा समावेश होता. १८८५ साली सुरू झालेल्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी अध्यापन केले. १८९२ साली वामन शिवराम आपटे यांच्या निधनानंतर ते त्या महाविद्यालयाचे प्राचार्य झाले.

पत्रकारिता

१८८१ साली सुरू झालेल्या 'केसरी'चे ते पहिले संपादक होते. कोल्हापूर प्रकरणातील अब्रुनुकसानीच्या खटल्यात १८८२ साली टिळक व आगरकर यांना कारावास झाला. डोंगरीच्या तुरुंगातील त्या १०१ दिवसांचा वृत्तांत आगरकरांनी पुस्तकरूपाने लिहिला. सामाजिक सुधारणांच्या प्रश्नावर मतभेद वाढल्याने १८८७ साली त्यांनी 'केसरी' सोडला आणि १५ ऑक्टोबर १८८८ रोजी 'सुधारक' हे साप्ताहिक काढले. त्याची इंग्रजी बाजू काही काळ गोपाळ कृष्ण गोखले सांभाळत असत.

वाक्यमीमांसा

'सुधारक' निघाला त्याच वर्षी आगरकरांचे 'वाक्यमीमांसा आणि वाक्यांचे पृथक्करण' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. १८३६ साली दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे व्याकरण प्रसिद्ध झाल्यापासून मराठी व्याकरणाचा भर मुख्यतः शब्द, त्यांच्या जाती आणि विकार यांवर होता. आगरकरांनी संपूर्ण वाक्य हा स्वतंत्र अभ्यासविषय केला. वाक्याचे घटक कोणते, त्यांचा परस्परसंबंध काय आणि प्रधान वाक्याशी गौण वाक्य कसे जोडले जाते, याचा विचार वाक्यपृथक्करणात केला जातो. आज शाळेत मराठी व्याकरणाबरोबर वाक्यपृथक्करणही शिकवले जाते.

लेखनशैली

आगरकरांच्या निबंधांतही पृथक्करणाची हीच शिस्त आढळते. बालविवाह, विधवांचे केशवपन, स्त्रीशिक्षण, पोशाख अशा विषयांवर लिहिताना ते रूढीचे मूळ शोधतात, तिच्या समर्थनार्थ केले जाणारे युक्तिवाद एकेक करून तपासतात आणि मगच निष्कर्ष मांडतात. ते शास्त्रवचनांपेक्षा विवेकाला अधिक प्रमाण मानत. त्यांची वाक्ये पुष्कळदा लांबलचक असली तरी अन्वय सुटत नाही. युक्तिवादाला उपरोध आणि तळमळ यांची जोड असल्याने हे लेखन रुक्ष वाटत नाही. शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'चे 'विकारविलसित' (१८८३) हे भाषांतरही त्यांनी केले.

अखेर

या लेखनाची मोठी किंमत आगरकरांना मोजावी लागली. पुण्यातील सनातनी मंडळींनी ते हयात असतानाच त्यांची प्रेतयात्रा काढली. दम्याच्या विकाराने प्रकृती खालावली असतानाही त्यांनी अध्यापन व लेखन सोडले नाही. वयाच्या ३८व्या वर्षी त्यांचे निधन झाले. 'सुधारक'मधील त्यांचे निबंध पुढे संग्रहरूपाने प्रसिद्ध झाले. मराठी वैचारिक गद्याच्या अभ्यासात ते आजही वाचले जातात.