‘अरिहंत’मागचा सोलापूरकर

आपली पहिली अण्वस्त्रवाहू पाणबुडी ‘अरिहंत’ २६ जुलै २००९ रोजी विशाखापट्टणमला पाण्यात उतरली. त्या संदर्भात शास्त्रज्ञांचा गौरव होतो, तो योग्यच. वालचंद हिराचंद हे नाव मात्र सहसा कोणी घेत नाही.

१८८२ साली सोलापुरात जन्मलेल्या व पुण्याच्या डेक्कन कॉलेजात काही काळ शिकलेल्या या ठेकेदाराने १९१९ मध्ये भागीदारांसह सिंदिया कंपनी काढली आणि ‘लॉयल्टी’ ही आगबोट लंडनला धाडली. ब्रिटिश कंपन्यांनी दर पाडून तिला बुडवू पाहिले. हा गृहस्थ नमला नाही. देशी गोदीविषयी तर परकीय सरकार कमालीचे अनुदार होते. तरीही २१ जून १९४१ रोजी राजेंद्रप्रसादांच्या हस्ते विशाखापट्टणमला गोदीची पायाभरणी झाली. पुढल्याच वर्षी तेथे जपानी बाँब पडले, काम रखडले. अखेर पहिले जहाज ‘जलउषा’ १९४८ मध्ये नेहरूंनी पाण्यात सोडले. १९५२ मध्ये गोदी सरकारकडे गेली; १९५३ मध्ये वालचंद निवर्तले.

‘अरिहंत’ बांधली ती याच बंदरात, अर्थात निराळ्या सरकारी केंद्रात. तिच्या वाफेच्या टर्बाइनची यंत्रणा मात्र आली पुणे जिल्ह्यातील वालचंदनगरच्या कंपनीकडून. ते गाव वालचंदांनी वसवले होते, ऊस गाळण्यासाठी.