बेपत्ता माणसाच्या नावाने खटला

कल्पना करा, तुमचं वय 31. घराणं बँकवाल्यांचं, शिक्षण अमेरिकेत, व्यापारात बस्तान बसलेलं. सगळं कसं सेट! अशात कुणी म्हणालं, युद्ध पेटलेल्या एका परक्या शहरात जा आणि अनोळखी माणसांचे जीव वाचव, तर जाल?

राऊल वॉलेनबर्ग गेला.

जन्म 1912चा, स्वीडनमधला. त्याच्या जन्माआधीच वडील वारले होते. मिशिगन विद्यापीठात तो आर्किटेक्चर शिकला, पण पुढे रमला खाद्यपदार्थांच्या व्यापारात. कंपनीतला त्याचा वरिष्ठ सहकारी हंगेरीचा ज्यू. नाझींच्या युरोपात त्याने फिरणं धोक्याचं, म्हणून धंद्यासाठी राऊलच हंगेरीला जायचा.

1944 साली मे ते जुलै या काळात हंगेरीतल्या चार लाखांहून जास्त ज्यूंना रेल्वेत कोंबून छळछावण्यांकडे पाठवलं गेलं. बहुतेकांना आउशविट्झला. उरले ते मुख्यतः राजधानी बुडापेस्टमधले. त्यांना वाचवायला राऊल स्वीडिश दूतावासाचा सचिव म्हणून जुलैमध्ये तिथे पोचला.

त्याचं हत्यार काय, तर कागद! स्वीडनच्या निळ्या-पिवळ्या रंगातला, तीन मुकुटांचं चिन्ह असलेला 'संरक्षण पास'. कायद्याने त्याला फारसा अर्थ नव्हता. पण शिक्का-सही बघून अधिकारी बिचकतात, हे राऊलने बरोब्बर ओळखलं. त्याने असे हजारो पास वाटले. इमारती भाड्याने घेतल्या, त्यांवर स्वीडनचे झेंडे लावले आणि आत माणसं लपवली.

17 जानेवारी 1945. रशियन फौजा शहरात शिरल्या होत्या. त्यांच्या सेनाधिकाऱ्यांना भेटायला राऊल ड्रायव्हरला घेऊन निघाला, तो परत आलाच नाही. तेव्हा तो फक्त 32 वर्षांचा होता.

मॉस्कोने 1947मध्ये सांगितलं, असा कुणी माणूस आमच्याकडे नाही. सुटून आलेले कैदी मात्र सांगत होते, तो मॉस्कोच्या तुरुंगात होता. मग 1957मध्ये सूर बदलला: तो 1947मध्येच हृदयविकाराने तुरुंगात गेला. हातात ना मृतदेह, ना धड पुरावा. आईवडिलांनी (वडील म्हणजे सावत्र) शोध सोडला नाही. 1979मध्ये तेही गेले.

आता धुरा आली सावत्र भावाकडे. गी फॉन डार्डेल हा भौतिकशास्त्रज्ञ. 1984मध्ये त्याच्या वकिलांनी चक्क अमेरिकेतल्या कोर्टात सोव्हिएत युनियनवर केस ठोकली! अर्जदारांत खुद्द राऊलचंही नाव होतं. मुद्दा साधा होता: दूतावासाच्या माणसाला अटक करता येत नाही, हा जगाने मान्य केलेला नियम आहे. तुम्ही तो मोडलात, आता माणूस परत द्या.

सोव्हिएत सरकार कोर्टात फिरकलंच नाही. 1985मध्ये न्यायाधीशांनी निकाल दिला: राऊलला सोडा, नाहीतर त्याचे अवशेष आणि माहिती द्या. शिवाय 3 कोटी 90 लाख डॉलर्स भरपाई. बेपत्ता असल्याच्या दरवर्षासाठी दहा लाख!

सिनेमा असता तर इथे टाळ्या पडल्या असत्या. प्रत्यक्षात पैसाही मिळाला नाही, माणूसही नाही. 1990मध्ये त्याच कोर्टाने निकाल मागे घेतला. परक्या देशावर असा खटला इथे चालत नाही, हे कारण.

मग हे सगळं फुकट गेलं का? तसं नाही. राऊलचं काय झालं, हा प्रश्न घरच्यांनी आणि जगभरातल्या लोकांनी विझू दिला नाही. 1989मध्ये मॉस्कोने त्यांना बोलावून राऊलचा पासपोर्ट आणि डायरी हातात ठेवली. ज्याने कागदांवर हजारोंना जगवलं, त्याच्या घरी 44 वर्षांनी परतला तो त्याचा कागद.

गी 2009मध्ये वारला, तोवर शोधतच होता. 2016मध्ये स्वीडनने राऊलला अधिकृतपणे मृत घोषित केलं. तो नेमका कसा गेला, हे आजही उघड झालेलं नाही.

तुमच्यापैकी जे लॉ करताहेत, त्यांनी हा खटला शोधून जरूर वाचा. हरलेला आहे, तरीही वाचा.