बाजारातला प्रश्न लॅबमध्ये नेणारे गज्जर सर

शिरड शहापूरच्या पोरापोरींना हळद काय असते हे वेगळं सांगायला नको. पांढऱ्या शर्टावर हळदीचा डाग पडला आणि त्याला साबण लावला, की तो लालभडक होतो, हे प्रत्येकानं घरी पाहिलेलं असतं. केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये हाच खेळ आम्ल आणि अल्कली ओळखण्यासाठी करतात. पण शेतातली हळद आणि लॅबमधली हळद यांची एकमेकींशी ओळखच नाही. सीझनमध्ये इथली हळद शिजते, वाळते, पॉलिश होते आणि गाड्या भरून वसमतच्या मार्केटला जाते. त्याच दिवसांत आपण कॉलेजात सीनियरच्या जर्नलमधून रीडिंग उतरवत बसलेलो असतो!

बाजार आणि लॅब यांची गाठ घालून देण्यात एका प्राध्यापकानं सव्वाशे वर्षांपूर्वी आपलं आयुष्य घातलं. त्यांचं नाव त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर. आणि त्यांचं कामही रंगापासूनच सुरू झालं.

गज्जरांचा जन्म 1863चा, सुरतचा. गज्जर म्हणजे सुतार. हातात हत्यार घेऊन वस्तू घडवणाऱ्या समाजातलं हे घर. मुलगा मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकला आणि रसायनशास्त्रात रमला. पुढं बडोदा कॉलेजात ते रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले. मानाची नोकरी, वर महाराजा सयाजीराव गायकवाडांचं राज्य. वर्गात शिकवून घरी जायचं म्हटलं असतं, तरी कुणी नावं ठेवली नसती.

पण बाहेर काय चाललं होतं? पिढ्यान्‌पिढ्या झाडांच्या मुळ्या, साली आणि पानांपासून रंग करणारे आपले रंगारी अडचणीत आले होते. जर्मनीहून कारखान्यात बनलेले रंग येत होते. ते स्वस्त होते आणि वापरायला सोपेही. या रंगांमागं होती कारखाना आणि विद्यापीठ यांची जोडी. म्युनिकमध्ये प्राध्यापक असलेल्या अडोल्फ फॉन बायर यांनी प्रयोगशाळेत नीळ बनवायची वाट शोधली. बीएएसएफ या कंपनीनं ते हक्क विकत घेतले, वर्षानुवर्षं पैसा ओतला आणि 1897 मध्ये कारखान्यातली नीळ बाजारात आणली. त्यानंतर थोड्याच वर्षांत भारतातली निळीची शेती जवळजवळ बसली. एका देशात कॉलेज आणि कंपनी एकत्र आली आणि दुसऱ्या देशातल्या शेतकऱ्याचं पीक गेलं. इतकी मोठी गोष्ट आहे ही!

वारं कुठून वाहतंय, हे गज्जरांना आधीच कळलं होतं. सयाजीरावांच्या पाठिंब्यानं 1890 मध्ये बडोद्यात कलाभवन उभं राहिलं, त्यामागं गज्जरांचीच धडपड होती. तिथं रंगाईचं शास्त्र होतं, यंत्रकाम होतं, चित्रकलाही होती. शिकवणं गुजराती आणि मराठीतून, कारण कारागिराच्या पोराला इंग्रजी येत नाही म्हणून त्याच्यासाठी विज्ञानाचं दार बंद का ठेवायचं? रंगाऱ्यांपर्यंत नवं शास्त्र पोचावं म्हणून गज्जरांनी ‘रंगरहस्य’ नावाचं नियतकालिकही काढलं. पुढं भारतीय सिनेमाचे जनक झालेले दादासाहेब फाळके याच कलाभवनात शिकले.

1896 मध्ये गज्जर मुंबईला विल्सन कॉलेजात आले. गिरगाव चौपाटीसमोरचं ते कॉलेज आजही आहे. पण कॉलेजच्या लॅबवर त्यांचं भागलं नाही. त्यांनी मुंबईत स्वतःची टेक्नो-केमिकल लॅबोरेटरी काढली. व्यापारी आणि कारखानदारांचे खरेखुरे प्रश्न तिथं सोडवायचे आणि सोडवता सोडवता पोरांना तयार करायचं, असा सगळा मामला.

त्याच काळातला एक किस्सा फार गाजला. मुंबईतल्या राणी व्हिक्टोरियाच्या संगमरवरी पुतळ्याला 1896 मध्ये डांबर फासलं गेलं. ते काम पुण्याच्या चापेकर बंधूंचं. पांढऱ्या दगडात मुरलेलं डांबर काही निघेना. ते शेवटी काढलं गज्जरांनी. एकीकडं चापेकरांचा राग, दुसरीकडं गज्जरांचं रसायन. इतिहास असा गुंतागुंतीचा असतो. पण इथला माणूस साहेबाच्या तोडीचं रसायनशास्त्र करतो, हे मात्र सगळ्यांना दिसलं. डाग पडलेले मोती पुन्हा उजळ करण्याची रीतही त्यांनी शोधली, आणि मोत्यांच्या बाजारात तिला चांगली किंमत आली.

गज्जरांची खरी कमाई मात्र त्यांचे विद्यार्थी. कोटिभास्कर आणि भाईलाल अमीन हे त्यांच्या हाताखाली तयार झालेले. गुरूला सोबत घेऊन त्यांनी 1907 मध्ये बडोद्यात अलेंबिक केमिकल वर्क्स सुरू केलं. औषधांच्या बाटलीवर अलेंबिक हे नाव तुम्ही आजही वाचता. त्याचं मूळ एका प्राध्यापकाच्या लॅबमध्ये आहे.

गज्जर 1920 मध्ये गेले. मुंबई विद्यापीठानं रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग सुरू केला तो 1933 मध्ये, म्हणजे गज्जर गेल्यानंतर 13 वर्षांनी. आज ती संस्था माटुंग्याची आयसीटी म्हणून ओळखली जाते आणि तिचं एक केंद्र आपल्या मराठवाड्यात, जालन्यातही आहे. या 13 वर्षांतही एक धडा आहे. एकटा माणूस वाट दाखवू शकतो, पण त्या वाटेवरून सगळ्यांना जाता यावं यासाठी संस्था लागते, करार लागतात, दोन्ही बाजूंचा पैसा लागतो.

आता पुन्हा आपल्या हळदीकडं येऊ. वसमतच्या हळदीला 2024 मध्ये जीआय मानांकन मिळालं. वसमतलाच हळद संशोधन केंद्र मंजूर आहे, परभणीला कृषी विद्यापीठ आहे. नव्या शैक्षणिक धोरणात फील्ड प्रोजेक्ट आणि ऑन जॉब ट्रेनिंगला क्रेडिट आहेत. म्हणजे गज्जरांना जे शून्यातून उभारावं लागलं, त्यातलं बरंच आपल्या हाताशी आहे. कमी आहे ती एका गोष्टीची. व्यापाऱ्याकडं जाऊन त्याचा प्रश्न विचारायची.

हळद किती वेळ शिजवली तर रंग चांगला राहतो? हळदीला पिवळेपणा देणारं कुरकुमिन उन्हात कमी होतं, मग वाळवायची कशी? साठवणीत सहा महिन्यांनी ते किती उरतं? यातला एकच प्रश्न घ्या. व्यापाऱ्यानं किंवा शेतकरी कंपनीनं नमुने आणि तपासणीचा खर्च द्यावा, कॉलेजनं लॅब आणि मार्गदर्शक द्यावा, तुम्ही मेहनत द्या. निकाल कुणाचा, नाव कुणाचं, त्यातून पैसा आला तर कुणाला किती, हे काम सुरू होण्याआधीच कागदावर लिहून घ्या. आणि उत्तर व्यापाऱ्याच्या सोयीचं आलं नाही, तरी खरं तेच सांगा. रीडिंग ढापलं की प्रॅक्टिकलचे मार्क मिळतात, पण असल्या कामात एकदा ढापलं की तो व्यापारी पुन्हा कॉलेजची पायरी चढत नाही.

जर्नल पूर्ण करायचंच आहे ना? मग या वेळी त्यातलं एक तरी पान वसमतच्या मार्केटमधून आलेलं असू द्या.