नामदार गोखले यांची अखेरची वर्षे

नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या लहानशा गावी झाला. वडील लवकर निवर्तले. थोरल्या बंधूंनी आपल्या तुटपुंज्या पगारातून पैसे पाठविले आणि गोपाळरावांनी पोटाला चिमटा घेऊन १८८४ साली बी. ए. ची पदवी मिळविली. पुढे न्यू इंग्लिश स्कूल व फर्ग्युसन महाविद्यालय येथे त्यांनी १९०२ पर्यंत अध्यापन केले. हाती घेतलेले कार्य पुरे केल्यावाचून विसावा घ्यावयाचा नाही, हा त्यांचा बाणा होता.

१८९७ साली वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी विलायतेस जात असता कॅले येथे त्यांच्या छातीस जबर दुखापत झाली. संकोचामुळे ते काही दिवस कोणाशी बोललेच नाहीत. वेदना असह्य झाल्या तेव्हा कोठे डॉक्टरांना बोलाविण्यात आले. प्रकृतीची तक्रार मनातच ठेवण्याची ही सवय पुढेही सुटली नाही.

१९०५ साली त्यांनी भारत सेवक समाज स्थापिला व त्याच वर्षी काशीच्या राष्ट्रीय सभेचे अध्यक्षपद भूषविले. १९११ साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडताना श्रीमंत सयाजीराव महाराजांनी आपल्या बडोदे संस्थानात १९०६ पासून चालविलेल्या सक्तीच्या शिक्षणाचा आदर्श त्यांच्यापुढे होता. या धकाधकीत मधुमेहाने शरीर पोखरले होते. तरीही १९१२ साली ते दक्षिण आफ्रिकेस गेले. रॉयल कमिशनचे कामही त्यांनी अंगावर घेतले.

फेब्रुवारी १९१५ मध्ये गांधीजी पुण्यास आले असता त्यांच्यासाठी छोटासा समारंभ योजला होता. गोखले प्रयासाने तेथे आले आणि मूर्च्छित झाले. अशी मूर्च्छा त्यांना नवी नव्हती. शुद्धीवर येताच समारंभ चालू ठेवण्याचा निरोप त्यांनी धाडला! थोड्याच दिवसांत, १९ फेब्रुवारीस, वयाच्या अवघ्या ४८ व्या वर्षी त्यांची प्राणज्योत मालवली.

त्या काळी इन्शुलिन नव्हते. त्याचा शोध १९२१ साली लागला. म्हणून गोखल्यांच्या वैद्यांना दोष देता येत नाही. आज मात्र आपणांस ठाऊक आहे की, मधुमेह व वाढलेला रक्तदाब रक्तवाहिन्यांना मूकपणे इजा करतात. नेहमीचे काम करताना लागणारी धाप, आडवे होताच कोंडणारा श्वास, पावलांवरील सूज, अकारण थकवा, अचानक येणारी मूर्च्छा, या हृदयविकाराच्या खुणा असू शकतात. मधुमेही माणसास हृदयविकाराचा झटका छातीत न दुखताही येऊ शकतो.

विद्यार्थिमित्रहो, आपल्या घरची वडील मंडळीही गोखल्यांसारखीच अबोल असतात. प्रतापनगरचा पूल चढताना काल न थांबणारे आजोबा आज दोनदा थांबले, तर ते वयाचे म्हणून सोडून देऊ नका. त्यांना डॉक्टरांकडे घेऊन चला. छातीत दाब, डाव्या हातात वा जबड्यात कळ, दरदरून घाम अशी लक्षणे दिसली, तर क्षणाचाही विलंब न लावता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.

गोखल्यांची कर्तव्यनिष्ठा अवश्य अंगी बाणवावी. त्यांचे मौन मात्र अनुकरणीय नाही. आणखी दहा वर्षे ते लाभते, तर देशाचे केवढे कार्य झाले असते!