रन मारण्याआधी हुकला भेटा!

दोस्तांनो, फायनल इयरच्या प्रोजेक्टसाठी तुम्ही ब्रॅकेटचं मॉडेल बनवता, मेश करता, यादीतून स्टील निवडता आणि रन मारता. स्क्रीनवर लाल-निळं चित्र उमटलं, की झालं काम! पण जरा थांबा. त्या स्टीलमागे बहुतेक वेळा असतं ते ‘लिनिअर इलॅस्टिक’ मॉडेल. ते ज्याच्या नियमावर चालतं, त्या रॉबर्ट हुकला आधी भेटून घ्या.

हुकचा जन्म १६३५ चा, इंग्लंडच्या आइल ऑफ वाइट बेटावरचा. तेरा वर्षांचा असताना वडील गेले. पुढे लंडनमध्ये शाळा, मग ऑक्सफर्ड. तिथे रॉबर्ट बॉइलच्या हाताखाली त्याने हवेचा पंप बांधला. १६६२ मध्ये रॉयल सोसायटीने त्याला प्रयोगांचा क्युरेटर नेमलं. म्हणजे काय, तर बैठकींमध्ये नवनवे प्रयोग करून दाखवायचे! बायोलॉजीतला ‘सेल’ हा शब्दही त्याचाच, १६६५ च्या ‘मायक्रोग्राफिया’मधला. पुढच्याच वर्षी आगीत लंडन जळालं, तेव्हा शहराचा सर्व्हेअर म्हणून जागा मोजत तो वणवण फिरला.

१६७६ मध्ये त्याने एक गंमत केली. आपला नियम चौदा अक्षरांची उलथापालथ करून कोड्यासारखा छापला. शोधाचं श्रेय आपलंच राहावं आणि तो कुणी ढापूही नये, यासाठी! दोन वर्षांनी उत्तर सांगितलं: जेवढं बळ, तेवढी वाढ. सोबत प्रयोगही दिले. २०, ३०, ४० फुटांची तार खिळ्याला टांगायची, खाली पारडं लावायचं, वजनं वाढवत जायचं आणि तार किती लांबली ते दर वेळी मोजायचं.

एका बाबतीत मात्र तो जास्तच पुढे गेला. धातू, लाकूड, केस, हाड, काच, सगळ्या लवचिक वस्तूंना हाच नियम लागू, असा त्याचा दावा होता. नियम खरा, पण मर्यादेपर्यंतच. यूटीएमवर माइल्ड स्टीलचा रॉड ओढलाय ना तुम्ही? साधारण २५० एमपीएला तो यील्ड होतो आणि आलेखाची सरळ रेष मोडते. तुमचं लिनिअर मॉडेल मात्र बिनधास्त ६०० एमपीए दाखवतं. सॉफ्टवेअर खोटं बोलत नाही, तुम्ही दिलेला नियम इमानदारीत पाळतं. रबराची तर गोष्टच वेगळी, त्याचा आलेख मुळातच वाकडा.

म्हणून मटेरियल मॉडेल आधी एकटं तपासायचं असतं. त्यासाठी खास सॉफ्टवेअरही असतात, पण तुमच्याकडच्या पॅकेजमध्येही हे जमतं. एकच घनाकार एलिमेंट घ्या, एक बाजू धरा, समोरची ओढा. आलेला आलेख लॅबमधल्या आलेखावर ठेवा. जुळला, तरच पुढे जा. तार आणि पारडं घेऊन हुकने केलं ते हेच!

१७०३ मध्ये हुक गेला. न्यूटनशी त्याचं शेवटपर्यंत जमलं नाही. त्याचं खात्रीलायक चित्रही आज उपलब्ध नाही. व्हायवाला ‘हे मटेरियल तपासलं का?’ असा प्रश्न आला, तर उत्तर तयार ठेवा. प्रयोग दहा मिनिटांचा आहे.